रिताताईची ट्रायल अन् मायची लाखोरी

रिताताई अन् मी भंडाऱ्याजवळ कारध्यात एकाच खोलीत राहतो. मी कॉलेजची, ती बस ड्रायव्हरच्या ट्रेनिंगची. सकाळी माहे डोळे उघडायच्या आधी ती माह्या स्कूटीभोवती चक्कर मारून राहिलेली असते. माही स्कूटी म्हणजे काय, एक आरसा तुटलेला, मागचा दिवा लागला त लागला. पण ती टायर दाबून पाहते, ब्रेक पाहते, खाली वाकून तेल गळते का पाहते, मंग चावी माह्या उशाजवळ ठेवते. कधी म्हणते, मागचं टायर बसलं आहे, हवा भरजो. मी भरत नाही. संध्याकाळी स्वतःच नेऊन भरून आणते. मले वाटायचं सवय लागावी म्हणून करते. मंग समजलं, तिले करायले दुसरं कोणी नाही.

कोंढ्याची आहे ती. बाप गेला तवापासून घरचा ट्रॅक्टर तीच चालवायची, चिखलणी, धानाची पोती, सगळं. लग्न करून पवनीले दिलं होतं, नाही जमलं, वापस आली. वापस आलेल्या बाईकडे गाव कसं पाहते ते मी काय सांगू, तुम्हाले माहीत आहे. मंग ड्रायव्हरची भरती निघाली अन् ही निघून आली. बॅचमध्ये बाई म्हणून एकटीच. डबा खाताना बाकीचे झाडाखाली घोळका करून बसतात, ही बसच्या पायरीवर. ते पोट्टे वाईट नाहीत, ती आली की फक्त गप्प होतात. एक कमलेश तेवढा बोलतो.

फोन तिले एकाचाच येतो. मायचा, ललिताबाईचा. दिवाबत्ती झाली की येतोच. जेवली का, गाडी किती मोठी आहे, आरशात मागचं सगळं दिसते का. माय रोज तेच विचारते अन् ताई रोज पहिल्यांदा सांगितल्यासारखी सांगते. मी पुस्तक तोंडासमोर धरून ऐकून राहते. ती तेवढाच वेळ हसते.

आता लाखोरीचं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. धान कापलं की त्याच शेतात लाखोरी येते, लाखेच्या डाळीचं पीक. ती उपटून वाळली की आमच्याकडे मळायची सोपी रीत म्हणजे डांबरी रस्त्यावर पसरवून द्यायची. गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, दाणे खाली पडतात. बस आली त अजून चांगलं, एका फेरीत काम. लोक कडेले उभे राहून हात करतात, येऊ दे, येऊ दे.

ट्रेनिंगमध्ये ताईनं एकदा तेच केलं. पवनीच्या रस्त्यावर एका गावापाशी लाखोरी पसरली होती, एका म्हातारीनं हात केला, अन् हिनं बस सरळ वरून नेली. वर हसून म्हणे, सर, आमच्याकडे त बसची वाट पाहतात. शिकवणारे भोजराज सर बाजूले बसले होते. थोडं पुढे गेल्यावर जळका वास आला. सरांनी गाडी कडेले घ्यायले लावली, इंजिन बंद करायले लावलं अन् तिले खाली झोपून पाहायले सांगितलं. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जो शाफ्ट फिरते ना, त्याले लाखोरीचं काड काडाले गुंडाळून हा एवढा गोळा झाला होता, अर्धा काळा पडलेला. सायलेन्सर बाजूलेच, तापलेला. सरांनी तिच्याच हातानं सगळं ओढून काढायले लावलं. मंग एवढंच म्हणाले की मागं पन्नास माणसं बसली असती त कोणत्या दारातून काढली असती. अन् म्हणाले, परत असं झालं त घरी जा, दुसरी संधी मागू नको.

ती त्या दिवशी जेवली नाही. बोटं भाजली होती, मी खोबरेल तेल लावून दिलं. मायचा फोन आला त म्हणे, सगळं मस्त चालू आहे व माय. मी म्हटलं सांगून टाक ना. त म्हणे, ती बाई गावात कोणाकोणाले काय काय सांगत असन तुले माहीत आहे का? तिच्यासाठी मी आताच ड्रायव्हर झालेली आहे.

नाही सांगितलं. सांगितलं ते दुसरंच. शेवटच्या ट्रायलचा रस्ता कळला, पवनीकडे जाणारा, कोंढ्यातून, तिच्या घरासमोरून. तिनं फोनवर मायले सांगितलं अन् दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. हे पास झालं की नोकरी पक्की, नाही झालं त वापस कोंढा, वापस आलेल्या बाईचं वापस येणं. ताई त्या रात्री झोपेत पण पायानं ब्रेक दाबून राहिली होती, पायाजवळची चादर पूर्ण गोळा.

पुढचं मले थोडं कमलेशनं सांगितलं, थोडं तिनं. कमलेश त्याच बसमध्ये मागं बसला होता. कोंढा आलं, अन् घरासमोर रस्ताभर लाखोरी. जाडजूड थर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बाजूले मोहल्ला जमलेला, लेकरंबिकरं, अन् मधात ललिताबाई, नवं लुगडं नेसून, हातात कुंकवाचा करंडा घेऊन. दुसरी एकही गाडी वरून जाऊ नये म्हणून सकाळपासून लाखोरी कडेलेच ठेवली होती तिनं. रस्त्यावर पसरलीच ताईची बस यायच्या थोडी आधी.

माय दोन्ही हातानं बोलावून राहिली होती. येऊ दे, येऊ दे.

ताईनं बस थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरून गाडी सरकू नये म्हणून चाकाले लाकडाची ओट लावली. सर खिडकीतून बाहेर पाहत बसले होते, हिच्याकडे नाही. लोकांले वाटलं पाया पडायले उतरली. माय करंडा उघडून समोर आली.

ताई म्हणाली, "माय, हे उचलावं लागते."

मायले समजलंच नाही. ती हसतच होती. ताई वाकून दोन्ही हातानं लाखोरी कडेले ओढायले लागली तवा हसणं थांबलं. शेजारचा भय्याजी जोरात म्हणाला, "ललिताबाई, तुही पोरगी त साहेबीण झाली व. मायचं पीक आता कचरा दिसते तिले." लोक हसले. कोणी हात लावला नाही. कमलेश उतरून मदत करणार होता त सरांनी त्याले बसवलं, ट्रायल तिची आहे म्हणून.

एक गाडी जाईल एवढी जागा एकटीनं साफ केली तिनं. मंग बसभोवती पूर्ण चक्कर मारली, मागच्या चाकापाशी पाठीवर झोपून खाली पाहिलं, मायसमोर, गावासमोर. उठली तवा पाठीले सगळं भुसकट लागलेलं. माय करंडा बंद करून उभी होती.

म्हणाली, "तुह्यासाठीच ठेवली होती व मी."

ताईनं सांगायले पायजे होतं, गोळा कसा जळते, बोटं कशी भाजली, सगळं. मी नंतर तिले रडत म्हटलं पण, काहून नाही बोलली तू, दोन शब्दांचं काम होतं. त म्हणे, इंजिन चालू करायचं होतं.

पास झाली ती. खोलीवर आली, पेढ्याचा पुडा माह्या हातात दिला अन् फोन चार्जिंगले लावून समोर बसली. दिवाबत्तीची वेळ गेली. जेवणाची गेली. तिनं स्वतः लावला त रिंग पूर्ण वाजून बंद झाली. दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या नंतर ती लावत पण नव्हती, फक्त त्या वेळेले फोन पुसून ठेवायची. पेढ्यांले मुंग्या लागल्या, आम्ही दोघी सोडून खाणारं कोण होतं.

पहिली ड्यूटी लागली भंडारा-पवनी. मी कॉलेज सोडलं अन् चढली बसमध्ये, डाव्या बाजूची समोरची सीट पकडली. सकाळीच तिनं बस पूर्ण तपासली होती, टायर ठोकून, पाणी पाहून, आग विझवायचा लाल डबा हलवून. माह्याकडे पाहिलं नाही एकदा पण, प्रवाशावाणीच वागवलं मले.

कोंढ्याच्या आधी तिनं गाडी हळू केली. रस्ता साफ होता, काडी नाही. ललिताबाई घरासमोर कडेच्या मातीत ताडपत्री टाकून बसली होती, ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर गोटे ठेवलेले, अन् लाखोरी काठीनं बडवून राहिली होती. एकटीच. ज्या कामाले बसची एक चक्कर लागते ते ती हातानं करून राहिली होती.

ताईनं हॉर्न दिला. एकदाच, छोटा.

पवनीले सगळे उतरल्यावर ती स्टेअरिंगवर हात ठेवून तशीच बसून होती. मले विचारलं, "मी समोर पाहत होती. मायनं वर पाहिलं का व?"

मले खोटं बोलता येते. येते मले, पण तिच्याशी नाही आलं. मी म्हटलं, काठी थांबली होती.

"वर नाई पाहिलं?"

"नाई."

मंग म्हणाली की वापसीच्या फेरीत ताडपत्री तिच्या बाजूले येईल, उजवीकडे, तवा आरशात दिसन, माय पाहते का ते. अन् ओट घेऊन खाली उतरली, बसभोवती चक्कर मारायले.