पाण्याखालची पळसवाडी

नाशिक, १९३६

मंडळी, आज दुपारी घडलेलं वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितोय. जाता-येता वाचा.

परदेशी गावांच्या नावांचे अर्थ शोधायचं माझं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. युरोपचा नकाशा पसरून बसलो होतो. सरस्वतीच्या तसबिरीला झेंडू आणणाऱ्या सखूबाई टोपली टेकवून शेजारी बसल्या.

मी सांगत सुटलो. जर्मनीतलं ऑक्सनफुर्ट म्हणजे बैलांचा उतार. बैल जिथून नदी ओलांडत, तिथं गाव वसलं.

"आमच्यावाणीच की!" त्या हसल्या.

मग हॉलंड. "ॲमस्टरडॅम म्हणजे ॲमस्टेल नदीवरचा बांध. बांध घातला आणि शहर वसलं."

सखूबाईंनी टोपली जवळ ओढली. त्यांचं माहेर धरणात गेलंय, हे मी साफ विसरलो होतो.

"आमच्याकडं बांध घातला आन् गाव गेलं, मास्तर. पळसवाडी. लय पळस व्हता."

मी जिल्ह्याचा नकाशा काढला. धरणाच्या जागी नुसता निळा रंग. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, पळसवाडी. सखूबाईंना वाचता येत नाही, पण त्या अक्षरांवरून किती तरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

तेव्हापासून मला त्या निळ्याखाली केशरी फुलं दिसताहेत.

खडू इथंच ठेवलाय. पाण्याखालचं एखादं गाव तुम्हाला ठाऊक असेल, तर नाव लिहून जा.