खुर्चीवरून उठणारा माणूस

मंचरच्या रक्त तपासणीच्या लॅबमधला तो माणूस चांगला रिपोर्ट बसूनच खिडकीतून सरकवायचा. वाईट असला की चष्मा कपाळावर सारून, उठून बाहेर यायचा. स्वाइन फ्लूच्या साथीत बाकावरचे सगळे त्याच्या खुर्चीकडेच बघत बसत.

त्या दिवशी तो उठला आणि माझ्यासमोर थांबला.

मी म्हटलं, "अहो, ह्यांचा ताप उतरलाय. सकाळी भाकरी खाल्ली."

"ताई, तापावर जाऊ नका. पांढऱ्या पेशी लई घटल्यात. आत्ताच पुण्याला न्या."

लगेच नेलं. तरी चौथ्या दिवशी हे गेले.

वर्षभराने मी माझ्या साखरेचा रिपोर्ट आणायला गेले. कागद हातात घेऊन तो उठू लागला.

"बसा भाऊ," मी म्हटलं. "मीच येते तिकडं."