बाबांचे बूट

माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा असताना घरात नुसता धुमाकूळ घालायचा. चालणं त्याला कधी पुरलंच नाही, थेट पळायलाच लागला. कणकेच्या डब्यात हात, गॅसच्या बटणावर हात, बाल्कनीच्या गजांतून डोकं बाहेर. एकदा ते डोकं अडकलं, तर रडला नाही की घाबरला नाही. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला "भैया, आलू!" अशा हाका मारत बसला. मी तेलाचं बोट लावून डोकं सोडवलं आणि पाठीत धपाटा घातला, तर हसला कार्टा.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा माणसं कमी आणि अर्धवट इमारती जास्त. मेट्रोच्या नुसत्या गप्पा होत्या. नळाला पाणी नाही, टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीने. हॉर्न वाजला की बादल्या घेऊन तिसऱ्या मजल्यावरून धावायचं. नवरा मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. सकाळी सहाला कंपनीची बस, परत येईतो पोर झोपलेलं. रविवारीही निम्म्या वेळा ड्यूटी. पुण्यात माझी शाळेत पर्मनंट नोकरी होती. "तीन वर्षं काढू, मग परत," म्हणत हे मला इथे घेऊन आले होते. ती तीन वर्षं कधीच उलटून गेली होती. राग होता मला. सरळच सांगते, त्या माणसाचा मला उठता-बसता राग यायचा.

"बाबा येऊ देत, सांगते त्यांना!" हे वाक्य कुठल्या मराठी घरात नाही? माझी आई म्हणायची, ह्यांचीही म्हणायची. पण तिथे संध्याकाळी बाबा खरंच घरी यायचे, मूल त्यांच्या मांडीवर चढायचं आणि धमकी फुसकी आहे हे आपोआप कळायचं. आमच्याकडे मला खोटं पाडायला घरात कोणी नव्हतंच.

ह्यांचे कारखान्यातले जुने बूट दाराशी पडलेले असायचे. जाडजूड, काळे, पुढे लोखंड घातलेले. एक दिवस टँकर आला आणि पोर काही केल्या कडेवरून उतरेना. मी वैतागले. ते बूट उचलले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मांडले, त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, "हे बाबांचे बूट. बघतायत तुझ्याकडे. हललास तर बाबा ह्याच बुटांनी बडवतील." चार खेपा करून वर आले, तर हा त्याच फरशीवर बसलेला. चड्डी ओली, नजर बुटांवर. मला काय वाटलं सांगू? सुटले बाई, असं वाटलं.

मग सवयच लागली. बाल्कनीच्या दारात बूट ठेवले की बाल्कनी बंद. गॅसपाशी ठेवले की गॅस बंद. जेवत नसेल तर ताटासमोर बूट, घास मुकाट्याने खाली. समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी म्हणायच्या, "कितना सीधा बच्चा है जी! आप बहुत लकी हो." मीही मान डोलवायची, मोठी लकी!

पोर हुशार होतं, ते मात्र खरं. त्याचं पहिलं धड वाक्य ह्या बुटांबद्दलच होतं. सकाळी उठला की डोळे चोळत विचारायचा, "बूट झोपले?" मी "झोपले" म्हटलं तर दिवसभर भटकायचा, "जागे आहेत" म्हटलं तर पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही. एकदा दुपारी बघते तर काय, ह्याने आपलं दुपटं फरफटत आणून बुटांवर घातलं होतं. वरून थोपटत होता. मला बघून ओठांवर बोट ठेवलं, "शूऽऽ." दोन वर्षांच्या पोराला केवढी ही अक्कल! मला हसू आवरेना. हसले, आणि दुपटं ओढून काढलं. मला पोळ्या करायच्या होत्या.

त्या वर्षी दिवाळीला ह्यांनी आठवडाभर रजा घेतली. मुलासाठी लाल तीनचाकी सायकल आणली. पोर माझ्या पदराआड. सायकलकडे बघायचा, त्यांच्याकडे नाही. नरक चतुर्दशीला ह्यांनी हौसेने तेल कोमट केलं, उटणं कालवलं, पाट मांडला. "आज मी लावणार ह्याला तेल." मी त्याला पाटावर बसवलं. ह्यांनी तेलाचा हात डोक्यावर नेला, तसे त्या पोराने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि डोळे गच्च मिटले. आवाज नाही, काही नाही. नुसता वाट बघत बसला. पाट ओला झाला.

ह्यांचा हात तसाच वर राहिला. तेल कोपरापर्यंत ओघळलं. "अगं, मी ह्याला कधी हात तरी लावलाय का?"

सांगायची वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की तुमची चूक नाही, माझी आहे. पण माझ्या मनात आलं, घ्या, आता तुम्हाला कळेल परकं होणं म्हणजे काय! मी म्हटलं, "ह्या वयात मुलं आईचीच असतात. घरात असता तर ओळख राहिली असती." आणि तेल मी लावलं. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. फटाक्यांची पिशवी चार दिवस तशीच पडून राहिली.

बूट पुढे भंगारात गेले. मुलगा मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला, लग्न झालं. बापलेक कधी भांडले नाहीत, कधी बोललेही नाहीत. आम्ही पुण्याला गेलो नाही ते नाहीच. नातू झाला तेव्हा एका रविवारी सगळे पोहे खात बसलो होतो, आणि मुलगा बायकोला सहज म्हणाला, "ह्याच्यावर कोणी हात उचलायचा नाही हं. मला बाबांनी कारखान्याच्या बुटांनी मारलंय. अजून आठवतं."

ह्यांनी बशी खाली ठेवली. मुलाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "मारायचो का गं मी?"

आयुष्यात ज्याने मुंगीसुद्धा बाजूला करून पाऊल टाकलं, तो माणूस मला विचारत होता. सून बघत होती, मुलगा बघत होता. माझी सून, माझ्या हातचे पोहे, माझ्या शब्दाला घरात असलेला मान. मी म्हटलं, "इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? मारलं असेल तुम्ही एखाद वेळी. थकून यायचात."

"चुकलंच माझं, बाळा," हे मुलाला म्हणाले. मुलाचे डोळे भरले. मी सगळ्यांना आणखी पोहे वाढले.

नातू आता रांगत रांगत ह्यांच्या पायाशी येतो, पायजम्याला धरून उभा राहतो, घ्या म्हणून हात वर करतो. हे हात मागे बांधून घेतात. मी म्हणते, "अहो, घ्या की त्याला."

"नको, तूच घे," म्हणतात. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

मी घेते.