ओवाळलेल्या भावाचं मत

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकीवर. कधी, तेही सांगतो. होळीनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारचा चहा होऊन गेल्यावर, विधानसभेच्या सभागृहात, तिच्या डोळ्यांदेखत. करणारा तिचा भाऊ. सख्खा नाही, निवडून दिलेला.

काकी आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरची. नवरा गिरणीत होता. संपात गिरणी सुटली, मग हळूहळू नवराही सुटला आणि मुलुंडला दुसरीबरोबर राहायला लागला. काकीकडे उरली एक खोली. तिच्या भिंती तिने स्वतः उभ्या केलेल्या, पत्रे तिने भांडी घासून आणलेले. पण खोलीचा फोटोपास नवऱ्याच्या नावावर. झोपडपट्टीत पास ज्याच्या नावावर, खोली त्याची. तो अधूनमधून एखादं गिऱ्हाईक घेऊन यायचा, बाहेरूनच बोट दाखवायचा, "ही बघा, कोपऱ्याची आहे, हवा झकास." आत काकी भाकऱ्या थापत असायची. म्हणजे भाकरीसकट विकायला काढली होती तिला.

आता भावाबद्दल. आमचा आमदार. पहिल्यांदा जेमतेम निवडून आला, दुसऱ्यांदा आरामात, पंच्याऐंशी साली तर समोरच्याची पार वाट लावून. भाषणात देव, देश, कुटुंब, आपले संस्कार. पण मतं त्याला भाषणांनी मिळत नव्हती. मिळत होती भाऊबीजेला. शाळेच्या पटांगणात मांडव पडायचा, तो मधोमध पाटावर बसायचा आणि सगळ्या डोंगराच्या बायका आरत्या घेऊन रांगेत. कुंकू, अक्षता, ओवाळणं. प्रत्येकीला ओवाळणीत स्टीलची वाटी. नवऱ्याने मारलेल्या, माहेर तुटलेल्या, कोकणातला भाऊ वर्षानुवर्षं न दिसलेल्या बायका त्या पाटासमोर रडायच्या. तोही रडायचा. खोटं नव्हतं ते. डोंगराच्या पायथ्याचा दारूचा गुत्ता त्याने स्वतः उभं राहून बंद करवला, हेही त्याच्या नावावर मांडलंच पाहिजे.

मी तेव्हा आमच्या मंडळाची पत्रकं लिहायचो. नळ, संडास, दिव्याचे खांब. सायक्लोस्टाइलची शाई नखांतून जायची नाही. आई म्हणायची, "तुझे हात बघून कोण मुलगी देणार रे तुला?" आम्ही आमदाराला नळावरून झोडपायचो. बायका आम्हाला झोडपायच्या. "आमच्या भावाला काय बोलायचं नाय!"

त्या वर्षी भाऊबीजेला ओवाळताना काकी त्याला म्हणाली, "दादा, वाटी नको. माझी खोली राखून दे." त्याने पाटावरून उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ताई, तुझा भाऊ बसलाय ना." सगळा मांडव गहिवरला. मीसुद्धा.

पुढे फेब्रुवारीत पेपरात एक छोटी बातमी आली. विरोधी बाकांवरच्या एका बाईंनी विधेयक आणलं होतं, की झोपडपट्टीतल्या खोलीच्या पासावर नवराबायको दोघांची नावं हवीत आणि एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय खोली विकता येऊ नये. मी धावत जाऊन काकीला वाचून दाखवलं. तिने हात पुसले, परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "माझोच कायदो हा मां ह्यो! दादान आणलान काय?"

"त्याने नाही, दुसऱ्या पक्षाच्या बाईंनी. पण मत त्यालाही द्यायचंय."

"मग झालाच ता!" ती म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

ती थेट त्याच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, आम्हाला बघायचंय. त्याने आनंदाने सभागृहाच्या गॅलरीचे पास दिले, वर बस करून दिली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या. मला घेतलं, कारण सरकारी मराठी समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं. फोर्ट ओलांडून बस विधान भवनाशी थांबली तेव्हा एकजण म्हणाली, "केवढं मोठं गं, आणि आपल्याला साधा नळ देता येत नाय यांना!" दरवाजावरचा शिपाईसुद्धा हसला.

गॅलरीत टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, पुढे वाकायचं नाही. बायका शाळेतल्यासारख्या बसल्या. खाली त्या बाई बोलल्या, मंत्री बोलले, सगळं भराभर. अध्यक्षांनी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. नाही. हा 'नाही' मोठा होता. बाईंनी पोल मागितला, म्हणजे आता शिरगणती. आधी 'होय'वाल्यांनी ओळीने उभं राहायचं आणि एकेकाने आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा, मग 'नाही'वाल्यांनी.

'होय'वाले उठले. आमचा भाऊ बसलेलाच.

"झोपलो काय तो?" काकी कुजबुजली.

मग 'नाही'वाले उठले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तो उठला, खणखणीत आवाजात आपला आकडा म्हणाला, आणि खाली बसण्याआधी वर आमच्याकडे बघून हसला आणि हात हलवला. अख्ख्या ओळीने परत हात हलवला. शिपाई धावत आला, "ओ बाई, ओ ताई, हात खाली!" काकीचाही हात वर होता. तो तिने तसाच धरून मला विचारलं,

"तो आता कित्याक उभो रवलो?"

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं. तिचा हात वरच होता, मी धरून खाली घेतला. सरकारी मराठी समजावण्याचं माझं काम एवढंच झालं.

नंतर तो आम्हाला कॅन्टीनमध्ये भेटायला आला. चहा, वडे, सगळं सांगून ठेवलेलं. "काय, बघितलंत ना सभागृह? थंडगार आहे की नाही?"

मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही 'नाही' म्हणालात."

मला वाटलं होतं, चाचरेल. पक्षाचा आदेश होता म्हणेल. तो म्हणाला, "हो. मग? घरात दोन मालक झाले की घर मोडतं. मी आजचा का या मताचा आहे? नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाला मी 'नाही' म्हणालो, जातीबाहेरच्या लग्नाच्या अनुदानाला 'नाही' म्हणालो. भर सभागृहात, उभं राहून. लपवलंय का मी कधी? तूच सांग, पत्रकवाल्या, विचारलंस कधी?"

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. तीन निवडणुका. डोंगराने तीनदा त्याला ओवाळून पाठवलं आणि तिथे जाऊन तू काय केलंस हे विचारायला एकही तोंड उघडलं नाही. कारण भावाला हिशेब विचारत नाहीत!

"आणि काकीचं?" मी विचारलं.

"तिचं मी बघतो की. तिच्या नवऱ्याला बोलावतो, समजावतो. कायदा कशाला हवा, मी आहे ना!" आणि यार, सगळ्यात भयंकर म्हणजे तो मनापासून बोलत होता.

त्याने शब्द पाळला. नवऱ्याला ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, संसाराचं महत्त्व सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली, पाया पडला, आणि गणपतीच्या आधी खोली विकली. घेणारा लोखंडी खाट घेऊन आला. काकीची ट्रंक आणि पाण्याची पिंपं आमच्या दारात आली. आईने तिला आत घेतलं. आमच्या घरात आम्ही चौघं होतो, पाच झालो. स्वतःच्या खोलीच्या भिंतीला टेकून बसायची सवय असलेली बाई आमच्या मोरीजवळ अंग चोरून बसायला लागली.

मला ठाऊक आहे, त्याच्या एका मताने विधेयक पडलं नाही. तो 'होय' म्हणाला असता तरी पडलंच असतं. म्हणून काय झालं? हात डोक्यावर ठेवायचा आणि उभं राहायचं दुसरीकडे, हे एका माणसाला कसं जमतं?

भाऊबीज आली. काकीने आरती घासली. आई म्हणाली, "जातेस? अजून?" काकीने ताटलीत कुंकू काढून घेतलं.

तिचा नंबर लागला. तो पाटावर कपाळ पुढे करून बसला. काकीने कुंकवात बोट बुडवलं आणि कपाळाशी नेऊन थांबवलं.

"दादा, आधी सांग. औंदा थय खंय खंय 'नाय' म्हणालंस?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "ताई, शकुनाच्या वेळी असं विचारतात होय?"

"ताई म्हणतंस मां? मग ताईक सांग."

मागून कुणीतरी ओरडली, "सांग ना रे दादा लवकर! माझा दिवा विझतोय!" हशा पिकला. पण रांग पुढे सरकेना. तो इकडेतिकडे बघत म्हणाला, ही काय जागा आहे का. काकीचं बोट तिथेच, त्याच्या कपाळापासून तसूभर लांब. शेवटी तिने ते आपल्याच पदराला पुसलं आणि वाटी न घेता निघून आली.

उगाच फुगवून लिहीत नाही, तिच्या मागच्या बऱ्याच जणींनी त्याला ओवाळलं. पण आणखी दोघींनी विचारलं. त्यांनाही उत्तर मिळालं नाही.

काकी अजून आमच्याकडेच आहे. तिची ट्रंक अजून दारात आहे, येता-जाता माझ्या पायाला लागते.

आता तुम्ही. तुमच्याकडेही तो येतो, बारशाला, मयताला, सत्यनारायणाला. पुढच्या वेळी आला की पाट द्या, चहा द्या, आणि कुंकू लावायच्या आधी बोट थांबवून विचारा, तिथे तू कशाला 'होय' म्हणालास आणि कशाला 'नाही'. उत्तर मिळेपर्यंत ते बोट पुढे नेऊ नका.