नोंदणीच्या बाई

कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या एक बाई दरवर्षी मंगळवार पेठेत आमच्या घरी यायच्या. दारातूनच खणखणीत आवाजात विचारायच्या, "दादा, वहिनी बऱ्या हायत न्हवं?" मग हिची औषधं, तपासण्या सगळं टॅबवर भरून घ्यायच्या. "कशाला एवढं?" असं हिनं म्हटलं की हसायच्या. "तुमच्यावरनं पुढच्या बायकांचं लवकर कळंल की!"

यंदा मी म्हटलं, "ती गेली हो." त्यांनी तेवढं भरलं, टॅब पिशवीत ठेवला, पण उठल्या नाहीत. पहिल्यांदाच हळू बोलल्या, "आता नोंदीसाठी न्हाय, मलाच सांगा. काय आवडायचं त्यास्नी?"

मी खरवसापासून सुरुवात केली आणि दोघांचाही चहा निवून गेला.

त्यांचं आमच्याकडचं काम संपलं. हिच्याबद्दल अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय, पण आता विचारायला कुणी येत नाही.