कुंदाच्या वाट्याचं पाणी

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माठ भरत होते. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली..." माठ भरून वाहू लागला, तरी नळ बंद करायचं मला सुचलं नाही.

नागपुरात सदरमधल्या शाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो. मी मराठीची, ती जीवशास्त्राची. कुंदा मूळची खाप्याची, कन्हान नदीच्या काठावर वाढलेली. पहिल्याच वर्षी मैदानात माझ्या नव्या साडीवर चिमणी शिटली. मी नळाकडे धावले, तर ही मला हाताला धरून थेट नववीच्या वर्गात घेऊन गेली. माझा पदर मुलींसमोर धरून म्हणाली, हे काळं ती विष्ठा, पण हे पांढरं म्हणजे चिमणीची लघवी. पाणी वाया जाऊ नये म्हणून ती अशी घट्ट करून टाकते. वर्ग खिदळला. मी कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला होता. या विषयाची तिला कसली म्हणून लाज नव्हती. गोड्या पाण्यातला मासा पाणी न पिताही दिवसभर लघवी करतो, समुद्रातला मासा सारखा पाणी पितो तरी त्याला पाण्याची चणचण, हे ती भर डब्याच्या सुट्टीत सांगायची आणि आमचे घास हातातच राहायचे.

निवृत्तीनंतर तिचीच मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस सुरू झालं आणि पाण्यावर बंधन आलं. नागपूरचा मे महिना, आणि अख्ख्या दिवसाचं पाणी एका लहानशा बाटलीत. कूलरमधल्या पाण्याचा आवाज तिला सहन होईना, म्हणून तो बंद करून ती नुसत्या पंख्याखाली बसायची. तिच्यासमोर पाणी प्यायला मला नको वाटे, तर त्यावरूनही तीच रागवायची.

एका दुपारी मी तिच्या घरी असताना तिने माठातलं पाणी मागितलं, पेला भरून. मी घाबरले, पण दिलं. तिने पेला गालाला लावला, बराच वेळ तसाच धरला... मग गच्चीत गेली आणि चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या भांड्यात सगळा ओतला.

"काहून वं?" मी विचारलं.

"माशाले न पिता टाकता येते, चिमणीले पिऊन वाचवता येते. मले दोन्ही जमत नाही," ती म्हणाली. "इथं कोणी तं पोटभर प्यावं."

मला रडू आलं. ती मात्र भांड्याकडे बघत उभी राहिली.

ते भांडं तिच्या मुलीने मला आणून दिलं. आता ते माझ्या गच्चीच्या कठड्यावर असतं आणि रोज सकाळी मी ते काठोकाठ भरते. परवा शेजारीच एक पांढरा ठिपका दिसला. स्वच्छतेच्या बाबतीत मी किती त्रासदायक आहे, हे घरच्यांना विचारा. सवयीने ओलं फडकं घेऊन गेले, वाकून पाहिलं... घट्ट, पांढरा, एवढासा. कुंदा, तुझी चिमणी पाणी पिऊन गेली होती. मी फडकं तसंच दोरीवर वाळत टाकलं.