अबर्डीनचा पाथरवट

२००९ च्या हिवाळ्यात, सुमेधाच्या पाचव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, ग्रॅहमला विचारलं, "तुमच्या घराण्यात काही आजार?" तो नाही म्हणाला. पण सुमेधाचं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. गेले काही आठवडे ते थरथरत होते.

कॅनडातल्या हॅमिल्टनला घरी परतताना गाडीत त्यानं हळूच सांगितलं, "पणजोबांचे हात असेच थरथरायचे म्हणे. चाळिशीतच गेले." ते स्कॉटलंडचे होते, यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.

सुमेधाची झोप उडाली. वाचू नये हे कळत असूनही ती हात थरथरण्याच्या आजारांबद्दल इंटरनेटवर वाचत राहिली. त्यातले काही आजार बापाकडून लेकराकडे जाणारे होते. नागपूरला आईशी बोलताना यातलं काही न सांगता ती भलत्याच गोष्टी बोलायची. ग्रॅहमनं ब्लड टेस्ट केली, रिपोर्ट यायचा होता. तोवर हातावर हात ठेवून बसणं तिला जमेना. ग्रॅहमच्या आजोबांची धाकटी बहीण, मोरागआजी, ग्वेल्फच्या वृद्धाश्रमात होत्या. वय एक्क्याण्णव. पणजोबांची सख्खी मुलगी. शनिवारी स्नो पडत असतानाच दोघं निघाली.

आजींनी दोघांना समोर बसवलं. ग्रॅहमनं विचारलं, "तुझ्या वडिलांना काय झालं होतं?"

"दगड," आजी म्हणाल्या. "अबर्डीनचे पाथरवट ते. दिवसभर दगड घडवायच्या शेडमध्ये, हातात हादरे देणारं मशीन. थंडीत बोटं पांढरीफटक पडायची, कप धरवायचा नाही. आई चहा पाजायची. मग धूळ छातीत बसली."

"म्हणजे रक्तातलं काही नव्हतं?" सुमेधानं विचारलं.

"शेडमधल्या सगळ्यांचं तसंच व्हायचं, पोरी. म्हणून तर माझ्या भावाला, ग्रॅहमच्या आजोबाला, त्यांनी तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. इकडे हॅमिल्टनला स्टीलच्या कारखान्यात धाडलं. त्याला निरोप देताना हात खिशातून काढले नाहीत त्यांनी."

सुमेधानं आजींचा हात हातात घेतला. पण ग्रॅहमचे हात का थरथरतात, हे उरलंच.

मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. ग्रॅहमचं थायरॉइड वाढलं होतं, हात त्यामुळेच थरथरत होते; गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखं. सुमेधानं लगेच आईला फोन लावून सगळं सांगितलं.

ऐकून झाल्यावर आईनं विचारलं, "त्या पणजोबांचं नाव काय गं?"

सुमेधानं ग्रॅहमकडे पाहिलं. त्यालाही ते माहीत नव्हतं.

"थांब," ती म्हणाली, "आजींना विचारून सांगते."